लोहगावच्या धावपट्टीजवळ बांधायचंय? आधी उंची विचारा, एफएसआय नंतर

पुण्याच्या लोहगाव विमानतळाभोवतीच्या धानोरी, लोहगाव, विमाननगर, खराडी, वाघोली या पट्ट्यातला जागामालक आमच्याकडे आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, एफएसआय किती मिळेल?" म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल. मी विचारते, "तुमची जमीन समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे?" यावर समोरचा माणूस 'ही बाई काहीतरी टाळतेय' अशा नजरेने बघतो. टाळत नसते. त्या एका आकड्याशिवाय बाकीचं सगळं बोलणं हवेत असतं.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बांधकाम परवानगीची कामं बघते. डिझाइन दुसरे लोक करतात. फाइल महापालिकेतून, हवाई दलाकडून, अग्निशमनकडून फिरवून सही-शिक्क्यासह परत आणणं हे माझं काम. राहते धानोरीतच, त्यामुळे डोक्यावरून सुखोई गेलं की फोनवरचं बोलणं थांबवायची सवय घरादाराला आहे. खाली लिहिलंय ते अशा जागामालकांसाठी आणि सोसायट्यांच्या कमिटीसाठी, ज्यांना बिल्डरचा माणूस भेटायच्या आधी स्वतःला थोडं कळून घ्यायचंय.

कोणाचं काय चालतं

लोक समजतात की महापालिकेने नकाशा पास केला म्हणजे झालं. इथे तसं नाही. घटनेच्या ७४व्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचना आणि जमिनीचा वापर व इमारतींचं नियमन हे नगरपालिका-महापालिकांचे विषय म्हणून दिलेले आहेत. जमीन हा राज्याच्या यादीतला विषय. पण विमानं, हवाई वाहतूक, विमानतळ हे केंद्राच्या यादीत आहेत आणि संरक्षणही केंद्राकडेच. त्यामुळे तुमच्या सातबाऱ्यावर दोन सरकारांची नजर आहे: एक जमिनीवरून बघतं, दुसरं आकाशातून.

जमिनीवरून बघणारी महापालिका. तिचं हत्यार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, विकास आराखडा आणि डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर. जागा निवासी झोनमध्ये की शेती झोनमध्ये, समोरचा रस्ता किती रुंद, आरक्षण आहे का, बाजूला किती अंतर सोडायचं, एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचे विकत घेता येणारे बांधकाम हक्क) किती, हे सगळं तिथे ठरतं. कलम ४४खाली अर्ज तिच्याकडे, मंजुरी-नामंजुरी तिची, बेकायदा बांधकामाला कलम ५३ची नोटीसही तिचीच.

आकाशातून बघणारं केंद्र. १९३४च्या विमान अधिनियमात कलम ९अ होतं: विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून २० किलोमीटरपर्यंतच्या इमारती आणि झाडंसुद्धा रोखायचा, कमी करायला लावायचा अधिकार. आता त्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आहे, १ जानेवारी २०२५पासून लागू. उंचीचे सविस्तर नियम मात्र सप्टेंबर २०१५चे आहेत, जी.एस.आर. ७५१(ई). हा क्रमांक लिहून ठेवा. टेबलापलीकडचा माणूस 'नियम दाखवा' म्हणाला तर हाच सांगायचा.

या दोघांची सांगड अशी की महापालिका केंद्राच्या मर्यादेपेक्षा कमी उंची देऊ शकते, जास्त देऊ शकत नाही. नगरसेवक, आमदार, आयुक्त, कोणाच्याही शिफारशीने ती रेषा वर सरकत नाही. 'आमचे संबंध आहेत' असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा रस्तारुंदी किंवा पार्किंगच्या बाबतीत खरं बोलत असतो. उंचीच्या बाबतीत त्याचं ऐकू नका.

पुण्याची गोम

मुंबईला किंवा नागपूरला घर बांधणारा नातेवाईक तुम्हाला सांगेल की विमानतळ प्राधिकरणाच्या ऑनलाइन यंत्रणेत अर्ज टाका, काम होतं. लोहगावला धावपट्टी हवाई दलाची आहे. १९३९मध्ये ब्रिटिशांनी हा तळ उभारला, आजही तो हवाई दलाचाच आहे आणि आपण ज्या टर्मिनलमधून दिल्लीचं विमान पकडतो ती प्राधिकरणाची बाजूला वसलेली वसाहत. जुलै २०२४पासून नवं टर्मिनल सुरू झालं तरी धावपट्टी तीच. म्हणून उंचीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, हवाई दल देतं.

शिवणे, वारजे, उत्तमनगर बाजूला खडकवासल्याच्या एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) स्वतःची धावपट्टी आहे, तिचे निर्बंध निराळे. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. अंतरं अशी आहेत की एखादी जागा एकाहून जास्त धावपट्ट्यांच्या वर्तुळात सापडू शकते. तसं असेल तर प्रत्येकीची मर्यादा बघायची आणि सर्वांत कमी असेल ती धरायची.

सुरुवात कुठून करायची

सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, झोन दाखला आणि भाग नकाशा हे काढून ठेवा. यात वेगळं काही नाही, कुठल्याही जागेला लागतं. फक्त हद्द तपासा: लोहगावचा उरलेला भाग २०१७मध्ये महापालिकेत आला, वाघोली २०२१मध्ये. आधीच्या परवानग्या ग्रामपंचायतीच्या किंवा पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) असतील, तर त्या कोणी आणि कशाच्या आधारावर दिल्या ते कागदावर बघा. ग्रामपंचायतीच्या ठरावावर उभी राहिलेली चार मजली घरं या भागात आहेत. घरपट्टी भरली जाते म्हणून ती अधिकृत होत नाहीत, आणि गुंठेवारी कायद्यात (गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरची बांधकामं नियमित करणारा) नियमित करून घेऊ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्या कायद्याने विमानासाठीची उंचीमर्यादा बदलत नाही.

मग बांधकाम परवानगी विभागात जाऊन रंगीत नकाशा मागा, हवाई दलाच्या उंचीमर्यादेचा. २०१५च्या नियमांनी ही सोय आणली. धावपट्टीभोवतीचा परिसर रंगांच्या पट्ट्यांत वाटलेला असतो आणि प्रत्येक रंगासमोर कमाल उंची लिहिलेली असते. तेवढ्या उंचीच्या आत इमारत असेल तर स्थानिक संस्था स्वतः मंजुरी देऊ शकते, प्रत्येक फाइल वर पाठवावी लागत नाही. लाल पट्टा मात्र अपवाद: तिथे एक मजली घर असो की वीस मजली, एनओसी हवीच. लाल पट्टा म्हणजे ढोबळमानाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा आणि तिला लागून असलेला भाग. लोहगावची धावपट्टी पूर्व-पश्चिम पडलेली आहे, त्यामुळे टोकांच्या रेषेत राहणाऱ्यांनी उत्तर-दक्षिणेकडच्यांपेक्षा जास्त सावध राहावं. विमाननगरातल्या मित्राला जितके मजले मिळाले तितके तुम्हालाही मिळतील, हे गृहीत धरायला काही आधार नाही.

आता तो आकडा

इथे जरा थांबते, कारण सगळे घोटाळे इथेच होतात.

एनओसीत 'तुम्ही ३० मीटर बांधा' असं नसतं. तिथे समुद्रसपाटीपासूनची कमाल उंची असते, एएमएसएल. त्यातून तुमच्या जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा केली की उरतं ते तुमचं.

पुणे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटरवर आहे. मोठ्या धावपट्टीसाठीचा आंतरराष्ट्रीय ठोकताळा असा: चार किलोमीटरच्या आत विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटरवर एक सपाट अदृश्य छत, त्यापुढे दर २० मीटरला १ मीटर चढत जाणारा उतार. उथळ परातीसारखा आकार. म्हणजे आतल्या भागात छत ५९२ अधिक ४५, ६३७ मीटरवर. तुमची जागा नदीकडच्या उतारावर ५६५ मीटरवर असेल तर ७२ मीटर मिळाले. टेकाडावर ६०५ मीटरवर असेल तर ३२. एकाच रस्त्यावरच्या दोन प्लॉटना वेगळी उंची मिळाली की लोक भ्रष्टाचार शोधतात. बहुतेक वेळा जमिनीचा चढ-उतारच कारणीभूत असतो.

धावपट्टीच्या टोकासमोर याहून कडक. तिथे विमान उतरतं, म्हणून धावपट्टीच्या टोकापलीकडून निघालेली रेषा दर ५० मीटरला फक्त १ मीटर चढते. सुरुवातीपासून एक किलोमीटरवर २० मीटर, दोन किलोमीटरवर ४०. हे आकडे अंदाज बांधण्यापुरते. हवाई दल त्यांच्या नकाशाने आणि त्यांच्या गरजेने बघतं, अंतिम आकडा त्यांच्या पत्रातला.

जमिनीची उंची मोजायला मोबाइल चालत नाही. मान्यताप्राप्त सर्व्हेअरकडून डीजीपीएसने (उपग्रहाच्या मदतीने होणाऱ्या अचूक मोजणीने) मोजून घ्या, प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक पद्धतीत, आणि उंची बेंचमार्कला, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची पक्की माहीत असलेल्या खुणेला, जोडून. हे 'बेंचमार्कला जोडून' सर्व्हेअरला मुद्दाम सांगा. उपग्रहावरून येणारी कच्ची उंची पृथ्वीच्या एका गणिती आकारावरून मोजलेली असते, समुद्रसपाटीवरून नाही, आणि आपल्याकडे ती समुद्रसपाटीच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून जास्त कमी येते. कमी आली की वजाबाकीत मजले वाढतात. एका प्लॉटवाल्याच्या हातात असा कागद होता: जागा ५१५ मीटरवर, म्हणून म्हणे १२० मीटरचा टॉवर होणार. लोहगावात ५१५ मीटरवर जमीन येणार कुठून? तळाला नदी तरी इतकी खाली आहे का, एवढं विचारलं तेव्हा घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चुकीच्या आकड्यावर मिळालेली एनओसी रद्द होते, आणि आकड्यांची जबाबदारी अर्जदारावर टाकलेली असते. सर्व्हेअरवर नाही, महापालिकेवरही नाही.

वजाबाकीनंतर उरलेली उंची म्हणजे गच्चीचा स्लॅब नव्हे. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचा माथा, वीजरोधक, अँटेना, सोलरचा सांगाडा, सगळं त्याच्या आत. समजा एनओसीत ६१२ मीटर आलं, जमीन ५७८ वर आहे. हातात ३४ मीटर. टाकी आणि लिफ्टचे ६ मीटर काढा, २८ राहिले. खाली पार्किंगचे ३, राहिले २५. मजल्याला ३ मीटर धरले तर आठ मजले. आता मागे या आणि एफएसआय विचारा. एफएसआय बारा मजल्यांचा असेल, वर विकत घेतलेला टीडीआरही असेल, पण भरायला जागा नाही. पुनर्विकासाच्या सोसायट्यांनी हे गणित बिल्डरच्या ऑफरआधी करावं. तो आधी जास्तीचं चटईक्षेत्र कबूल करतो, मग 'एअरफोर्सने अडवलं' म्हणून कमी करतो, आणि सभासदांना वाटतं की दोष हवाई दलाचा. ऑफर मागवतानाच निविदेत कमाल एएमएसएल उंची लिहा आणि 'एनओसी न आल्यास काय' हे कलम करारनाम्यात घाला.

कुंपण आणि दारूगोळा

उंचीशिवाय दुसरा एक निर्बंध आहे आणि त्याचा विमान उडण्याशी संबंध नाही. संरक्षण बांधकाम अधिनियम १९०३खाली केंद्र अधिसूचना काढून लष्करी ठिकाणांभोवती बांधकामच रोखू शकतं. हवाई दलाच्या तळांभोवती कुंपणापासून १०० मीटर आणि दारूगोळ्याच्या साठ्याभोवती ९०० मीटर अशा पट्ट्या देशात ठिकठिकाणी आखलेल्या आहेत. इथे उंचीचा हिशेब कामाला येत नाही. जागा पट्ट्यात असेल तर बैठं घरही प्रश्नात येतं. त्याच कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहे आणि ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ठरते, पण भरपाई मागणं आणि ती हातात पडणं यात मोठा काळ जातो. कुंपणाच्या आसपास स्वस्तात गुंठा मिळतोय असं कोणी म्हणालं तर अधिसूचनेच्या नकाशावर सर्व्हे नंबर बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

नकाशा मिळत नसेल तर महापालिकेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपये, तीस दिवस. प्रश्न मात्र नेमका ठेवा: 'सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा तमुक, या जागेला हवाई दलाच्या कोणत्या अधिसूचनेचे निर्बंध लागू आहेत, आणि रंगीत नकाशात तिची कमाल उंची किती?' हवाई तळाचा आतला नकाशा मागितलात तर सुरक्षेच्या कारणाने नकार येईल, आणि तो बरोबरच आहे.

अर्ज गेल्यावर

फाइलमध्ये मालकीचे कागद, आर्किटेक्टचे नकाशे उभ्या छेदासह, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, जमिनीची उंची, सर्व्हेअरचा दाखला, आणि टाकीसकट मागितलेली एकूण उंची जाते. उभ्या छेदावर प्रत्येक पातळीसमोर एएमएसएल आकडा लिहा. हे कोणी मागत नाही, पण लिहिल्यावर शंका कमी निघतात.

एनओसी हातात आली की मागची पानं वाचा. सगळे पहिलं पान झेरॉक्स करून मोकळे होतात. मागे साधारण अशा अटी असतात: वैमानिकाला चकवतील असे दिवे लावायचे नाहीत, ठरलेल्या उंचीवर काहीही जाणार नाही, आणि माझी आवडती, विमानांच्या आवाजाबद्दल, कंपनांबद्दल तक्रार किंवा भरपाईचा दावा करणार नाही. बिल्डरने सही केलेली ही अट फ्लॅट घेणाऱ्याला क्वचितच सांगितली जाते. विमाननगरात आवाजाने कंटाळून पत्रं लिहिणाऱ्या आजोबांना मी हे पान दाखवलं होतं. ते म्हणाले, "माहीत असतं तर डबल काचा तरी आधीच लावल्या असत्या." बरोबर आहे.

मुदत बघा. इमारतींची एनओसी साधारण आठ वर्षांची असते. पुनर्विकासात सभासदांची भांडणं, मग कोर्ट, मग बिल्डर बदलला, यातच ती संपते. बांधकाम चालू असताना टॉवर क्रेन उभी करायची असेल तर तीही उंचीत मोजली जाते. ठेकेदार हे विसरतो, क्रेन दिसल्यावर तळावरून फोन येतो आणि काम थांबतं.

नकार आला तर दोन वाटा वेगळ्या ओळखा. महापालिकेने रस्तारुंदी, झोन, समासिक अंतर यावरून नाकारलं असेल तर १९६६च्या कायद्याच्या कलम ४७खाली चाळीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील होतं. कारण उंचीचं असेल तर राज्याकडे जाऊन वेळ घालवू नका, त्यांच्या हातात ते नाही. उंची कमी करून सुधारित नकाशा देणं हाच बहुतेकांसाठी जलद मार्ग.

आणि परवानगीविना चढवलेला मजला? महापालिकेची नोटीस हा एक भाग. दुसरा म्हणजे अडथळे पाडण्याचे १९९४चे नियम: विमानतळाचा अधिकारी तपासणी करून कळवतो, मालकाला म्हणणं मांडायची संधी मिळते, आणि आदेश निघाल्यावर अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांच्या गळ्यात येते. निळ्या पत्र्याचं शेड, मोबाइल टॉवर, गच्चीवरचं होर्डिंग हेही यात येतं. वाढलेला निलगिरीसुद्धा.

उंचीशी संबंध नसलेली पण इथल्या दुकानदारांनी ऐकावी अशी एक गोष्ट. विमान नियम १९३७च्या नियम ९१नुसार विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी-प्राणी आकर्षित होतील असं उघड्यावर कत्तल करणं, कचरा टाकणं मना आहे. चिकनच्या दुकानामागे टाकलेली पिसं आणि आतडी म्हणजे घारींना आमंत्रण. इथे महापालिकेचे अधिकार पूर्ण चालतात आणि इथेच ती सर्वांत ढिली असते, असं माझं मत. घर एक मीटर वाढलं तर कागद फिरतात. कचऱ्याचा ढीग वर्षानुवर्षं तसाच.

तयार फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं असतात. त्यात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि हवाई दलाची एनओसी तीनही उघडून मजल्यांची संख्या जुळते का बघा. प्रारंभ प्रमाणपत्र अनेकदा टप्प्याटप्प्याने येतं: सात मजल्यांपर्यंतचं आलेलं असतं आणि विक्री दहाव्या मजल्याची चालू असते. 'वरची एनओसी प्रोसेसमध्ये आहे' हे वाक्य ऐकलं की विसार तिथेच थांबवा. जुन्या इमारतीत भोगवटा प्रमाणपत्र आणि त्यावरची उंची मागा, आणि गच्चीवर नंतर काय चढवलंय ते स्वतः वर जाऊन बघा.

पुरंदरकडे जागा घेणाऱ्यांचेही हल्ली फोन येतात. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं तिथल्या नियोजित विमानतळासाठी आहेत. दलाल विकतात ती जमीन त्यांच्या बाजूची, 'एअरपोर्ट टच' म्हणून. धावपट्टी पक्की झाली की तिच्याभोवती हेच सगळं येणार: रंगीत नकाशा, लाल पट्टा, टोकांपुढचा उतार. तिथला भूभाग डोंगराचा, म्हणजे जमिनीची उंची आणखी महत्त्वाची. सध्या एवढं करा: प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची उंची बेंचमार्कला जोडून मोजून घ्या, सर्व्हेअरचा सही-शिक्क्याचा कागद खरेदीखताला जोडा, आणि मजल्यांचं आश्वासन देणाऱ्याला ते खरेदीखतातच लिहून द्यायला सांगा. लिहून देत नसेल तर भाव शेतजमिनीचाच धरा.